नगरसेवक व्हायचंय? प्रभागाच्या वहीपासून मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत

खान्देशात नगरसेवकाच्या दारात माणूस बहुधा तीनपैकी एका कारणानं येतो. नळाला पाणी नाही, गटार तुंबली, नाहीतर दाखला हवाय. प्रचाराची धामधूम पंधरा-वीस दिवसांची असते. उरलेली पाच वर्षं कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवण्यात जातात. भाषण ठोकणारा नगरसेवक पहिल्या वर्षी गाजतो, पण दुसऱ्यांदा तिकीट मागायला छातीठोकपणे जातो तो फाईल कुठं अडकलीय हे ठाऊक असलेला. म्हणून या लेखात प्रचाराला थोडी जागा आहे आणि फायलीला जास्त.

आपली संस्था कोणती, ते आधी पाहा

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ मध्ये महापालिका झाल्या. त्यांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे चालतो. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, नंदुरबार, शहादा, शिरपूर, दोंडाईचा अशा नगरपरिषदा आणि साक्री, शिंदखेडा, बोदवड, धडगाव अशा नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली येतात. दोन्हीकडे लोक 'नगरसेवक'च म्हणतात, पण अधिकारांची वाटणी वेगळी आहे.

महापालिकेत महापौर नगरसेवकांतून निवडला जातो आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. पैशाचे बहुतेक निर्णय १६ जणांच्या स्थायी समितीत होतात आणि अंमलबजावणी आयुक्त करतात. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट जनतेतून येतो आणि प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती असतं. त्यामुळे सभागृहात बहुमत एका गटाचं आणि नगराध्यक्ष दुसऱ्या गटाचा, हे चित्र लहान गावांत नेहमीचं. अशा ठिकाणी नवख्या सदस्यानं पहिल्याच महिन्यात एका बाजूचा शिक्का कपाळावर मारून घेतला, तर त्याच्या प्रभागाची कामं विषयपत्रिकेवर यायलाच वर्ष जातं.

प्रभागाचा आकारही ध्यानात घ्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ होती. जागा ७५, म्हणजे एका जागेमागं साधारण सहा हजार माणसं. पण महापालिकेचे प्रभाग बहुतांशी चार सदस्यांचे असतात, त्यामुळे उमेदवाराला चोवीस-पंचवीस हजार लोकवस्ती पालथी घालावी लागते. मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. नगरपरिषदेचा प्रभाग सहसा दोन सदस्यांचा, नगरपंचायतीचा एकाचा. नगरपंचायतीत घरटी ओळख पुरते. चार सदस्यांच्या प्रभागात पॅनल लागतं, आणि पॅनलमधला एक कच्चा निघाला तरी बाकीच्या तिघांची मतं फुटतात.

दोन वर्षं आधी: प्रभागाची वही

तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करणारा उशिरा पोहोचतो. दोनशे पानी वही घ्या आणि गल्लीवार पानं पाडा. प्रत्येक पानावर एवढं हवं: विजेच्या खांबांचे क्रमांक आणि त्यांतले बंद दिवे, पाण्याच्या व्हॉल्व्हची जागा आणि तो फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमनची वेळ, गटार कुठून कुठं वाहते आणि कोणत्या नाल्याला मिळते, हातपंप, अंगणवाडी, लेआऊटमधली खुली जागा आणि तिच्यावर कुणी काय बांधलंय.

शेवटची नोंद महत्त्वाची. कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची प्रत नगररचना विभागातून घ्या आणि जागेवर जाऊन ताडून पाहा. शहराच्या विकास योजनेत प्रभागात कोणती आरक्षणं आहेत, बगीचा, शाळा, डीपी रस्ता, तेही वहीत उतरवा. आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला 'जमीन विकत घ्या' अशी खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मैदानं अशीच जातात, कुणाच्या नजरेत न येता. सूचनेचं पत्र आवक होऊन एखाद्या कपाटात पडलेलं असतं आणि मुदत टळल्यावर बातमी फुटते. पत्र आलंय का, हे विचारणारा एक तरी माणूस प्रभागात हवा.

दुसरं काम मतदार यादीचं. पालिका निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी घेतात आणि ती प्रभागवार फोडतात. फोडताना चुका होतात. रस्त्याच्या अलीकडची चाळ पलीकडच्या प्रभागात जाते, अख्खी इमारत गायब होते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींना थोडेच दिवस मिळतात. तेव्हा आपली घरनिहाय यादी तयार असलेला उमेदवार हरकती लिहून देतो, बाकीचे मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडतात. सुरत, पुणे, नाशिकला कामाला गेलेली, लग्न होऊन गेलेली, मयत, ही नावंही खुणा करून ठेवा. खान्देशातल्या कैक गल्ल्यांत यादीतली मोठी संख्या बाहेरगावी असते. ती वजा न करता मांडलेलं गणित मतमोजणीच्या टेबलावर हमखास कोसळतं.

आरक्षणाची सोडत निघेपर्यंत आपली जागा आपली नसते. निम्म्या जागा महिलांना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्ग. म्हणून घरातली कोणती व्यक्ती कोणत्या आरक्षणात बसते, तिची कागदपत्रं पूर्ण आहेत का, हे सोडतीच्या आधी पाहून ठेवायचं.

अर्ज: जिथं निवडणूक लढण्याआधीच हरतात

वय २१ पूर्ण आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव, एवढी मूळ पात्रता. पण अर्ज बाद होतात ते अपात्रतेच्या कलमांवर. छाननीच्या टेबलावर समोरच्या उमेदवाराचा वकील हीच कलमं घेऊन बसलेला असतो.

- १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनच्या वर जात असेल, तर अपात्र.
- घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नको. वडिलांच्या नावावरच्या घराची, भाड्यानं घेतलेल्या पालिकेच्या गाळ्याची बाकीही तपासा. थकबाकीवर महापालिकेत महिन्याला २ टक्के शास्ती चढते आणि आकडा ऐनवेळी भलताच निघतो.
- पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नको. आपल्या नावावर पालिकेला लावलेला ट्रॅक्टर, जेसीबी, पाण्याचा टँकर, सगळं यात धरलं जातं.
- अनधिकृत बांधकाम. उमेदवाराचं, पती-पत्नीचं किंवा अवलंबून असलेल्या नातेवाइकाचं. पुढच्या ओट्यावर चढवलेला एक मजला पुढं पद घालवू शकतो.
- घरात शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला किंवा स्वयंघोषणा.
- राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र.

वैधतेवर थोडं थांबू. प्रमाणपत्र हाती नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो. कायद्यात मूळ मुदत निवडून आल्यापासून ६ महिन्यांची, शासनानं ती वेळोवेळी वाढवलीही. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, तर निवड मागील तारखेपासून रद्द. न्यायालयांनी ही मुदत बंधनकारक धरली आहे, 'समितीनं उशीर केला' हे कारण चालत नाही. खान्देशात अनुसूचित जमातीच्या दाव्यांवरून समित्यांत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं खेटे घालणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून कागद जमवायचे असतील, तर दोन वर्षंही कमीच पडतात.

अर्ज आयोगानं त्या निवडणुकीला ठरवलेल्या पद्धतीनं भरून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यांचं शपथपत्र. रकाना मोकळा सोडू नका, 'निरंक' लिहा. सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा, त्याचा यादी भाग आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून घ्यावा. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोहोचला नाही, तर पक्षाचा उमेदवार अपक्ष होतो. दरवेळी कुठं ना कुठं हा गोंधळ होतोच, कारण फॉर्म बंडखोरीच्या भीतीनं नेत्याच्या खिशात शेवटपर्यंत राहतो.

निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. राज्य निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये सुधारलेल्या मर्यादेप्रमाणे ड वर्ग महापालिकेत, म्हणजे जळगाव-धुळ्यात, उमेदवाराला ९ लाख. नगरपरिषदेत सदस्याला अ वर्गात ५ लाख, ब वर्गात साडेतीन, क वर्गात अडीच आणि नगरपंचायतीत सव्वादोन लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब सादर करावाच लागतो, हरलेल्यानंही. हरलेल्या उमेदवाराचं मन उठतं, तो हिशोब देत नाही, आणि तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरतो. पुढच्या पोटनिवडणुकीत ते कळतं. विजयी उमेदवाराविरुद्धची निवडणूक याचिका राजपत्रात नाव प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत न्यायालयात दाखल करावी लागते, म्हणून आपले सगळे कागद त्या दहा दिवसांत हाताशी ठेवा.

निवडून आल्यावर पहिले दोन महिने

गटनोंदणी पहिली. पक्षाच्या किंवा आघाडीच्या सदस्यांची नोंद महापालिकेसाठी विभागीय आयुक्तांकडे नाशिकला आणि नगरपरिषदेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. एकदा गटात सही झाली की पक्षांतरबंदी लागू. गटनेत्याच्या व्हीपविरुद्ध (मतदानाबाबतच्या पक्षादेशाविरुद्ध) मतदान केलं तर अपात्रतेचा अर्ज याच अधिकाऱ्यांपुढं चालतो. महापौर निवडीआधी सहलीला नेलेल्या नगरसेवकांना आपण कशावर सही केली हे ठाऊक नसतं. को‍ऱ्या कागदावर सही नको, एवढं तरी पाळा.

मग ओळखी. आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांची भेट फोटोपुरती ठीक. रोजचं काम कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, प्रभागाचा मुकादम, व्हॉल्व्हमन, वायरमन आणि आवक-जावकचा लिपिक यांच्याशी पडतं. मुकादमाकडून सफाई कामगारांची हजेरी यादी घ्या. यादीत चौदा नावं आणि गल्लीत झाडू मारणारे आठ, हे पहिल्या आठवड्यातच दिसतं. ते चारचौघांत ओरडून सांगण्याआधी निरीक्षकाला लेखी विचारा.

लेटरहेड छापण्याच्या आधी जावक रजिस्टर आखा: अनुक्रमांक, तारीख, कुणाला, विषय, पालिकेचा आवक क्रमांक, पुढची तारीख, निकाल. पत्रात 'प्रभागातील समस्या सोडवाव्यात' असं मोघम लिहिलं की ते फाईलला लागतं आणि तिथंच राहतं. 'अमुक गल्ली, खांब क्रमांक अमुक ते अमुक, तीन दिवे बंद, अमुक तारखेपासून' असं लिहिलेल्या पत्राला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. एका पत्रात एकच खातं. पाणी, दिवे, गटार एकाच कागदावर लिहिले, तर तीन खाती एकमेकांकडं बोट दाखवतात. सात दिवसांनी फोन, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, महिन्यानं सभागृहात लेखी प्रश्न. यापलीकडं माहिती अधिकार आहेच. दहा रुपये आणि तीस दिवस. नगरसेवकाला तो वापरायची लाज वाटते, वाटू नये.

दाखल्यांचं वेगळं. आधारसाठी नगरसेवकाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, त्याची वैधता तीन महिने. फोटोवर अर्धी सही आणि शिक्का, रजिस्टरला नोंद, मूळ पुरावा पाहिल्याशिवाय सही नाही. सह्या केलेले कोरे दाखले घरी ठेवून जाणारे नगरसेवक आहेत. गुन्हा दाखल झाला तर सही ज्याची, आरोपी तो.

जिथं ताई निवडून आल्या आहेत आणि फोन भाऊ उचलतात, तिथं हे जास्त जपावं लागतं. सभागृहात पतीला बसता येत नाही, पण सही, ठराव, उत्तर, सगळं कायद्यानं ताईंच्या नावावर असतं. आपला फोन, आपलं रजिस्टर आणि अधिकाऱ्यांशी थेट बोलणं पहिल्या दिवसापासून स्वतःकडं ठेवणाऱ्या नगरसेविका लवकर मुरतात. खरं तर पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक त्यांना भाऊंपेक्षा आधीपासून पाठ असतं.

पाणी

'भाऊ, नळले पानी नही' हा फोन उन्हाळ्यात पहाटे पाचला येतो. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, भुसावळला तापीचं, धुळ्याला तापी योजना, नकाणे तलाव, अक्कलपाडा असे वेगवेगळे स्रोत, नंदुरबारला विरचक. धरण भरलेलं असूनही नळ कोरडा राहतो, कारण अडचण सहसा स्रोतापासून खूप अलीकडं असते. फोन आला की या क्रमानं तपासा: आज पाळी होती का, जलकुंभ किती मीटर भरला होता, पंपिंगला वीज किती तास होती, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा होता, गल्लीच्या सुरुवातीला दाब होता आणि शेवटी नव्हता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर मधल्या घरांत थेट नळाला लावलेल्या मोटारी शोधा. त्या काढताना निम्मे मतदार रुसतात. त्यावर उपाय एकच, मोहीम अख्ख्या गल्लीत एकाच दिवशी, आणि पहिली मोटार कार्यकर्त्याच्या घरची.

पाणी गढूळ किंवा वासाचं आलं, तर फुटलेली जलवाहिनी गटारीतून कुठं जाते ते पाहा. क्लोरीन तपासायची ओटी चाचणी सोपी आहे. नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. गल्लीच्या शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. रंगच आला नाही, तर तारीख-वेळ-घर लिहून त्याच दिवशी पाणीपुरवठा अभियंत्याला कळवा. कावीळ, गॅस्ट्रोच्या साथीनंतर ही नोंद कामी येते.

एका रस्त्याची फाईल

आता मुख्य विषय. गल्लीतला सिमेंटचा रस्ता घ्या, १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद.

मागणीपत्र दिल्यावर कनिष्ठ अभियंता जागा मोजतो आणि जिल्हा दरसूचीवरून अंदाजपत्रक बनवतो. पुढं तांत्रिक मान्यता, मग समिती किंवा सभेत प्रशासकीय मान्यता आणि निधीची तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. फाईल सर्वांत जास्त अडते ती निधीच्या टप्प्यावर. म्हणून मागणीपत्र देतानाच लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या निधीतून यायचा ते, सुचवा: पालिकेचा स्वनिधी, वित्त आयोगाचं अनुदान, नगरोत्थान, वस्ती सुधार योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, तिथं रस्त्याची मागणी लिहिली तर फाईल फिरून परत येते.

रस्त्याआधी जमिनीखालचं विचारा. धुळ्याच्या देवपुरात भुयारी गटारीसाठी आणि जळगावात केंद्राच्या अमृत योजनेच्या जलवाहिनीसाठी रस्ते उकरले गेले, हे सगळ्यांनी पाहिलंय. जलवाहिनी, नळजोडण्या, गटार, केबल पूर्ण झाल्याचं संबंधित खात्यांकडून लेखी घ्या, मगच काँक्रीट.

तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं, की दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध तडा जातो. लोक सिमेंट कमी घातलं म्हणतात, बऱ्याचदा पाया घातलेलाच नसतो. अंदाजपत्रकात काळी माती एक-दीड फूट काढून मुरूम भरणं, पाणी मारून रोलर फिरवणं ही बाब आहे का, ते वाचा. असेल, तर ती जागेवर होतेय का पाहा. काँक्रीट पडल्यावर खालचं काही दिसत नाही, म्हणून खोदाईच्या दिवशी टेप घेऊन हजर राहा आणि फोटो काढा.

काँक्रीटचा हिशोब सोपा. १०० × ४ × ०.१५ मीटर म्हणजे ६० घनमीटर. सहा घनमीटरचा मिक्सर असेल, तर दहा खेपा. सात खेपांत रस्ता संपला, तर जाडी दहा-साडेदहा सेंटीमीटरच आहे. प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो ठेवा. त्याच काँक्रीटचे नमुना ठोकळे भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांची ताकदीची चाचणी मागा. दुसऱ्या दिवसाच्या आत दर चार-साडेचार मीटरला आडवे काप मारले पाहिजेत, नाहीतर रस्ता आपला काप आपण शोधतो. आळी करून किमान चौदा दिवस पाणी साठवून ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, दुपारी ओतलेल्या काँक्रीटचं पाणी तासाभरात उडतं. संध्याकाळी काम घ्यायला लावा, आणि टँकरचं पाणी कोण देणार हे आधी ठरवा. टंचाईत ठेकेदार पहिल्यांदा क्युरिंगच बंद करतो.

गटारीत उतार बघा. २०० ला १ असा उतार धरला, तर ६० मीटर गटारीचं दुसरं टोक ३० सेंटीमीटर खाली हवं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसं दहा मिनिटांत हे मोजतात. पेव्हर ब्लॉक चालण्याच्या जागेला ६० मिलिमीटर पुरतात, गाड्या जाणार असतील तर ८०.

काम झाल्यावर नगरसेवकाकडं 'काम समाधानकारक' असं पत्र मागायला ठेकेदार येतो. घाई नको. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदारानं दोष स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत, किती, तो कधी संपतो, हे वहीत लिहा आणि संपण्याच्या दोन महिने आधी रस्ता पायी फिरून तडे लेखी कळवा. अनामत परत गेली की ठेकेदार फोन उचलत नाही.

एकच काम तुकडे पाडून ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवलेलं दिसलं, तर त्यात आपल्या प्रभागाचा तुकडा असला तरी सावध राहा. लेखापरीक्षणात हे तुकडे जोडले जातात.

सभागृह

महापालिकेत महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा, नगरपरिषदेत दोन महिन्यांतून एक. नोटीस सात पूर्ण दिवसांची. विषयपत्रिका आली की प्रत्येक विषयाची टिपणी मागा. टिपणीत तीन गोष्टी वाचा: रक्कम, लेखाशीर्ष आणि 'कार्योत्तर मंजुरी' हे शब्द आहेत का. असतील, तर काम झालेलं आहे आणि तुमची सही उरलीय.

ऐनवेळचे विषय हा खरा सापळा. सभा संपताना 'ऐनवेळचे विषय मंजूर' असा पुकारा होतो, आणि महिन्यानं इतिवृत्तात विषय सापडतात जे कुणी वाचलेच नव्हते. सूचक-अनुमोदक म्हणून नाव मात्र एखाद्या शांत सदस्याचं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होण्याआधी ओळ न ओळ वाचा. नाव चुकीचं असेल, तर दुरुस्ती लेखी मागा. विरोध असेल, तर तोंडी ओरडून भागत नाही. 'या ठरावास माझा विरोध नोंदवावा' असं कारणासह लिहून नगरसचिवांकडं द्या आणि पोच घ्या.

याचं महत्त्व जळगावकरांना वेगळं सांगायला नको. तत्कालीन जळगाव नगरपालिकेच्या घरकुल गैरव्यवहार प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यांत नगरसेवक आणि माजी नगरसेवकही होते. हुडको या केंद्राच्या गृहनिर्माण कर्जसंस्थेच्या कर्जाचं ओझं महापालिकेनं वर्षानुवर्षं वाहिलं. ठरावाला हात वर करणं ही कायद्याच्या नजरेत कृती आहे. नगरसेवक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरतो. सगळ्यांनी केलं म्हणून मीही केलं, हा बचाव होत नाही.

बहुमतानं झालेला ठरावही अंतिम नसतो. नगरपरिषदेचा ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली थांबवू शकतात, महापालिकेचा राज्य शासन कलम ४५१ खाली. अल्पमतातल्या सदस्याला हे हत्यार पुरतं, मात्र त्यासाठी मूळ विरोध इतिवृत्तात नोंदलेला हवा.

अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. प्रभागाच्या मागण्या मात्र डिसेंबरातच, अंदाजे खर्चासह, द्यायच्या. मार्चमध्ये उभं राहून मागितलेल्या कामाला टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद मिळते आणि टोकन तरतुदीवर काम होत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी टँकरचं नियोजन. मृग लागण्याआधी, म्हणजे मे संपता संपता, नालेसफाई. गाळ काढून काठावरच टाकला, तर पहिल्या सरीला तो परत नाल्यात जातो, म्हणून उचलल्याची खात्री करा. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीचा उत्सव, रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, तेव्हा मिरवणुकीच्या गल्लीतले खड्डे आणि दिवे आधीच्या आठवड्यात. मग गणपती. जळगावात कार्तिकी एकादशीचा रामरथ, त्या मार्गावरच्या लोंबत्या तारा आणि चरे. या कामांना वेगळा निधी लागत नाही, वेळेवर गेलेलं पत्र लागतं.

पोट आणि पुढची पायरी

मानधनावर घर चालत नाही, नगरपरिषदेत तर हाती बैठकभत्ताच येतो. शेती, दुकान, वकिली, काहीतरी हातात ठेवा. वर्गणी, लग्नाचे आहेर, दवाखान्याची मदत यांचा महिन्याचा आकडा ठरवा आणि तो संपला की नाही म्हणायला शिका. हे न जमलेले लोक दुसऱ्या वर्षी ठेकेदाराच्या पैशावर येतात, आणि मग खेपा मोजायला खाली उतरता येत नाही.

पदांचा क्रम साधारण असा: प्रभाग समिती, विषय समिती किंवा स्थायी, गटनेता, मग सभापती किंवा उपनगराध्यक्ष. पहिल्याच वर्षी स्थायीत जाण्यासाठी भांडू नका. महिला-बालकल्याण किंवा आरोग्य समितीत टिपण्या वाचायची सवय लागते आणि धोका कमी असतो. स्वीकृत सदस्यपद (निवडणुकीशिवाय नेमणुकीनं मिळणारं) मिळालं तर सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही; तिकीट हुकलेल्यांना गप्प करायला ते वापरतात.

आरक्षण फिरतं, प्रभागरचना बदलते आणि निवडणूक लांबतेही. खान्देशातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, जळगाव आणि धुळे महापालिकांची २०२३ मध्ये, आणि पुढं दीर्घ काळ प्रशासक होते. त्या काळात ज्यांच्या हाती वही होती, त्यांचं काम आवक-जावकच्या खिडकीतून चालू राहिलं. नागरिक म्हणून पत्र देता येतंच. बाकीच्यांनी वाढदिवसाचे फलक लावले.

मुदत संपली त्या दिवशी पदाचं लेटरहेड आणि शिक्का बाजूला काढा. त्यानंतरच्या तारखेची सही असलेला रहिवासी किंवा आधारचा दाखला अवैध असतो. पालिकेचं ओळखपत्र, टॅब, कपाटाची किल्ली पोच घेऊन परत करा. जावक रजिस्टर आणि विरोधाच्या पोचपावत्या मात्र घरी, कोरड्या जागी ठेवा. लेखापरीक्षणाची वसुलीची नोटीस कैक वर्षांनंतरही येते, आणि तेव्हा पालिकेत जुनी फाईल सापडत नाही.